पात्र यादी

नोटीस कन्नडमधून आली,
सहायक निबंधकांचा शिक्का जरा तिरका.
मी ती चेअरमनांना आधी वाचून दाखवली,
मग आपल्या भाषेत सांगितली, हळू,
डॉक्टरचं बोलणं बाहेर थांबलेल्यांना सांगावं तशी:
पाचांतल्या तीन वार्षिक सभांना जो हजर नाही
त्याला यापुढं मत नाही.

लुमाण्णा चेअरमन म्हणाले, कायदा चांगला आहे.
मी म्हटलं, चांगलाच आहे.
मग पंख्याखाली दोघंही
थोडा वेळ गप्प बसून राहिलो.

कारण हाजरीपुस्तक माझ्या कपाटात होतं.

एकतीस वर्षं मी या सोसायटीचा सेक्रेटरी.
बेळगुंदीच्या रस्त्याला, गिरणीला लागून दोन खोल्या,
मागच्या खोलीत युरियाची पोती,
पुढच्या खोलीत लोकशाही.
सभा नेमकी सप्टेंबरात,
अर्धा गाव रताळ्याच्या रानात.
कोरम भरला नाही की अर्ध्या तासानं
तीच सभा तहकूब होऊन तिथंच पुन्हा भरायची,
खुर्च्यासुद्धा हलायच्या नाहीत.
मग संध्याकाळी मी सायकल काढायचो.
दारोदार सह्या,
सहीमागं चिवड्याचं एक पाकीट,
सुवर्णमहोत्सवाच्या साली स्टीलची वाटी.
घरात कोण नसेल त्याची सही मीच करायचो.
रवळू बोकमूरकरचा 'र'
मला त्याच्यापेक्षा बरा जमायचा.

परवा रात्री यादी करायला बसलो.
कागदावर दोन रकाने: अर्ह, अनर्ह.
पहिला अर्ह ठरला रवळूच.
पाचही सभांना हजर,
आणि त्याला जाऊन सात पावसाळे झालेले.
त्याच्यामागं मोनाप्पा, निंगू सुतार, थोरला गावडू,
एकही सभा न चुकवणारी माणसं,
सगळी ओढ्यापलीकडं पोचलेली.
जिवंतांनी मात्र बऱ्याच दांड्या मारल्या होत्या.
मेलेल्यांच्या सह्या कधी चुकल्या नाहीत;
पॅनेलला ती मतं लागायची
आणि मला नोकरी.

यल्लूबाई कुठल्याच रकान्यात नव्हती.
रवळूची बायको. दर साली यायची,
उंबऱ्याशी पायपुसण्याच्या अलीकडं बसायची,
नफातोट्याचं पान मागून घ्यायची.
एकदा तिनं विचारलं होतं,
'गेल्या साली काटा दुरुस्तीला अकरा हजार,
औंदा परत अकरा हजार.
काटा हाय कुठं?'
सभा हसली. कुणी टाळ्या वाजवल्या.
मी इतिवृत्तात लिहिलं: खेळीमेळीच्या वातावरणात
सर्व विषय एकमताने मंजूर.
तिच्यापुढं हाजरीपुस्तक कधी गेलं नाही.
शेअर नवऱ्याच्या नावावर,
वारसनोंदीचा अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये,
तारखेची शाई पिवळी पडलेली.

काल यादी फळ्यावर लावली.
दुपारी ती आली, हातांची माती न धुता.
नात सोबत होती, कन्नड शाळेत सातवीला.
नातीनं बोट ठेवत एकेक नाव वाचलं
आणि पहिल्याच नावाशी थांबली.
यल्लूबाईनं माझ्याकडं पाहिलं.
ओरडली असती तर बरं झालं असतं.
'सभेला याला सवड गावती व्हय,' ती म्हणाली,
'मग घरला का येईना?'

गिरणीचा पट्टा चालू होता. तोही थांबेना.

सही, हाजरी, ठराव.
हे शब्द इकडं दोन्ही भाषांत तेच आहेत.
समजलं नाही असं म्हणायची
सोय नव्हती मला.

मी यादी काढून घेतली. चारही टाचण्या खिशात टाकल्या.
रवळूच्या नावापुढं लिहिलं 'मयत',
माझ्या खऱ्या अक्षरात, ते वळणाला वाईट आहे.
मग मोनाप्पापुढं. मग निंगूपुढं.
चेअरमनांचा फोन वाजत राहिला टेबलावर.

ड्रॉवरची किल्ली जरा अडकते.
नात म्हणाली, थोडी वर उचलून फिरवा.